गडावरची शिबंदी, पोटातली शिबंदी

दौलताबादच्या किल्ल्यावर सहल नेली की खंदक, दरवाजे आणि अंधारी पाहून मुले थक्क होतात. तेव्हा आम्ही त्यांना विचारतो : एवढा बंदोबस्त असूनही १६३३ साली किल्ला मोगलांच्या हाती कसा गेला? महाबतखानाच्या वेढ्यात बाहेरचे कोट पडले, आतला दाणागोटा संपला आणि मलिक अंबरचा मुलगा फतहखान याने किल्ला स्वाधीन केला. बालेकिल्ल्याचा कडा जसाच्या तसा होता. शिबंदी मात्र खचली होती.

आपल्या मोठ्या आतड्यातही अशी शिबंदी असते. तिथे वस्तीला असलेले असंख्य जीवाणू जागा आणि अन्न अडवून परक्या जंतूंना थारा देत नाहीत. १९५४ साली बोनहॉफ, मिलर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. साल्मोनेलाची लागण व्हायला एरवी सुमारे १ लाख जीवाणू लागत. स्ट्रेप्टोमायसिन दिल्यावर १० हून कमी पुरले. औषधाने शिबंदीच उठवली होती!

शस्त्रक्रिया झालेल्या वृद्ध माणसाचे असेच होऊ शकते. जखम चिघळू नये म्हणून दिलेली प्रतिजैविके आतड्यातले रहिवासीही मारतात. मग क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू माजतो आणि जुलाब जिवावर बेततात. हे नाते १९७८ साली उलगडले.

मग बाहेरून नवी शिबंदी पाठवली तर? ही कल्पना जुनी आहे. आंबवलेल्या दुधातले जीवाणू म्हातारपण लांबवतील, असे एली मेचनिकॉफ यांनी १९०७ च्या सुमारास मांडले. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी. त्या लसीचा पहिला प्रयोग हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये स्वतःवर केला आणि पुढे लस टोचलेल्या व न टोचलेल्या लोकांची तुलना केली. गुरूंच्या कल्पनेला अशी कसोटी लागायला मात्र बराच काळ जावा लागला.

कसोटीचे निकाल एकसारखे नाहीत. २००२ साली यकृत-प्रत्यारोपणाच्या ९५ रुग्णांवरील जर्मन अभ्यासात जिवंत लॅक्टोबॅसिलस मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांना संसर्ग झाला. नेहमीच्या जंतुनाशक उपचाराच्या गटात ४८ टक्क्यांना. पण २०१३ साली ब्रिटनमध्ये प्रतिजैविके घेणाऱ्या, ६५ वर्षांवरील २९४१ रुग्णांत जुलाबांचे प्रमाण जीवाणू दिलेल्या गटात १०.८ टक्के आणि न दिलेल्या गटात १०.४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. त्याआधी २००८ साली नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांत तर जीवाणू दिलेल्यांपैकी १६ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी ६ टक्के. दुबळ्या गडावर पाठवलेली कुमक नेहमीच उपकारक ठरत नाही.

घरचे ताक निरोगी माणसाने आनंदाने प्यावे. आजोबा शस्त्रक्रियेनंतर खाटेवर असतील तर मात्र जीवाणूंची पुडी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. वर्गात एवढा प्रश्न जरूर ठेवावा : ९५ रुग्णांचा निकाल आणि २९४१ रुग्णांचा निकाल यांत अधिक विश्वास कशावर ठेवायचा, आणि दोन्हीकडचे रुग्ण, आजार आणि जीवाणू एकच होते का?