गच्चीचा खर्च पावसावर मांडू नये

"आपल्याकडं पाऊस पडतोय कुठं?" अकलूजमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय काढा, हेच उत्तर येणार. त्यात खोटं काही नाही. आपला माळशिरस तालुका अवर्षणप्रवण, वर्षाचा पाऊस ५०० मिलीमीटरच्या आसपास. रत्नागिरीत तोच ३,००० च्या वर जातो. तेव्हा कोकणातल्या माणसानं दर वर्षी कौलं चाळावीत, आपण एकदा स्लॅब टाकला की सुटलो. पुढंमागं गळलाच तर स्क्वेअर फुटाचा दर विचारायचा, गच्चीच्या मापानं गुणायचा, झाला हिशोब.

हा समज काही अडाण्यांचा नाही, त्यामागं पिढ्यांचा अनुभव आहे. सोलापूर जिल्ह्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. लाकडी तुळया, त्यावर किलचं, निंबाचा पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. मृगाच्या आधी वर चढायचं, उगवलेलं गवत उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हळी मोकळ्या करायच्या आणि मातीची नवी भर घालायची. हे दर वर्षी. ज्यांनी ते केलं त्यांना स्लॅब म्हणजे सुटकाच वाटली. त्यात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची मातीची जड छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारोंनी जीव गमावला. त्यानंतर माळवदाची तारीफ करायला माझीही जीभ रेटत नाही.

पण माळवदाचा खर्च गेला म्हणजे छताचाच खर्च गेला, हे अनुमान कुठून काढलं? माळवद दर वर्षी थोडं थोडं मागायचं. स्लॅब दहा-पंधरा वर्षं गप्प बसतो आणि मग एकदम मागतो.

आणि मागतो ते पावसामुळं, हेही खरं नाही. आपल्याकडं गच्ची फोडतं ते ऊन. एप्रिल-मे महिन्यात हवेचं तापमान ४२ अंशांवर जातं, तेव्हा उघड्या काँक्रीटचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात पोचतो आणि पहाटे पुन्हा पंचवीस-तिसावर उतरतो. काँक्रीट तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. दहा मीटर लांबीचा स्लॅब चाळीस अंशांच्या फरकानं साधारण चार मिलीमीटर लांबतो. चार मिलीमीटर म्हणजे फार नाही, पण कठड्याच्या भिंतीनं अडवलेला स्लॅब हे रोज करू पाहतो, वर्षानुवर्षं. भेग पडते ती तिथंच, कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात. पाऊस फक्त चहाडी करतो.

ती चहाडीही तो उशिरा करतो. आपल्या जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात, परतीच्या सरींत. ऑक्टोबर २०२० मधली अतिवृष्टी जिल्ह्यात कुणी विसरलेलं नसेल. शिवाय ५०० मिलीमीटर हा आकडा वाटतो तेवढा किरकोळ नाही. हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर त्या हिशोबानं वर्षाला सुमारे ४६ हजार लिटर पाणी पडतं. त्यातलं बरंचसं मोजक्या दिवसांत, आणि जायला वाट म्हणजे कोपऱ्यातला एक पाइप, तोही पाल्यानं तुंबलेला.

आता दराकडं वळू. ठेकेदार सांगतात ते दर साधारण असे: ब्रशनं मारायच्या रासायनिक लेपाला स्क्वेअर फुटाला ३० ते ६० रुपये, विटांच्या तुकड्यांच्या कोब्याला १०० ते १५० रुपये. हजार फुटांची गच्ची घेतली तर एकीकडं तीस-साठ हजार, दुसरीकडं लाख-दीड लाख. दोन्ही आकडे बरोबर असतील, पण आपला प्रश्नच चुकलेला असतो. पाणी हजार फुटांतून शिरत नाही. ते शिरतं पाइपाच्या तोंडाशी, कठड्याच्या कडेला, टाकीच्या पायाशी, नाहीतर सोलरच्या स्टँडसाठी ड्रिलनं पाडलेल्या चार भोकांतून. हे शोधून तेवढाच भाग खोदला, भरला, कडेनं वाटा (कोपऱ्याचा गोलवा) मारून घेतला, तर काम काही हजारांत उरकतं. उलट भोक तसंच ठेवून हजार फुटांवर लेप फासला, तर पैसे जातात आणि ओल राहते. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या घरी लागोपाठ दोन उन्हाळे लेप मारून झाला. तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या गवंड्यानं टाकीखालचा फुटका पाइप दाखवला. गच्ची गळतच नव्हती, टाकी गळत होती! भर उन्हाळ्यातही ओल होती, हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही, याची आजही शरम वाटते.

डांबराचं तर विचारूच नका. जिथं ऊन हाच शत्रू, तिथं गच्चीला काळं फासायचं! पांढरा चुना, पांढरा लेप किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची चायना मोझेक ही आपल्या हवेची औषधं. उन्हाळ्याच्या तोंडाला चुन्याचे दोन हात दिले, तर खर्च गच्चीवरच्या सगळ्या उपायांत कमी आणि खालची खोलीही निवते.

कोबा चांगलाच, पण त्यातही माळवदाचीच चूक नव्यानं होताना दिसते. जुना कोबा गळतो, फोडायची मजुरी वाचावी म्हणून त्यावरच दुसरा ओततात. सरासरी चार इंच जाडीचा कोबा हजार फुटांवर पंधरा ते अठरा टनांचा होतो. स्लॅबचं डिझाइन एका थराचं, वर बसले दोन. दर मृगाला मातीची पाटी चढवून माळवद जड केलं, त्याचा हिशोब किल्लारीनं मांडला होता. तेव्हा जुना कोबा फोडायचा आणि मलबा उचलायचा खर्च दरात धरलाय का, हे आधी विचारावं. बहुतेक वेळा धरलेला नसतो.

"मग गळू दे थोडं, चार दिवसांचा तर पाऊस," म्हणणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. स्लॅबच्या सळईवर काँक्रीटचं आवरण जेमतेम २० मिलीमीटरचं असतं. तिथवर ओल पोचली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि खालचा गिलावा पोपड्यांसकट ढकलून देतो. मग वरचं काम बाजूलाच राहतं. खालून पोकळ भाग ठोकून काढायचा, सळई घासायची, गंजरोधक लावायचं, पॉलिमर मॉर्टर भरायचं. हा दर वरच्या कोब्याच्याही पुढं जातो आणि आधी नक्की सांगता येत नाही, कारण ठोकल्याशिवाय पोकळी किती ते कळत नाही.

वेळेचंही तसंच. सगळं गाव मे अखेरीस गवंड्याच्या दारात उभं. तेव्हा तो मागेल ती मजुरी, आणि सिमेंटकामाला किमान आठ-दहा दिवस पाणी हवं, तर नळाला पाणी नाही. बेचाळीस अंशांत गच्चीवर बांधलेलं आळं दुपारपर्यंत कोरडं. दिवाळीनंतर हेच काम करा: ओलीची जागा परतीच्या पावसानं नुकतीच दाखवलेली असते, हवा थंड असते, नीरा नदीला आणि विहिरींना पाणी असतं. सिमेंटवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, म्हणजे मालाच्या बिलात तेवढा फरक दिसायला हवा.

स्क्वेअर फुटाच्या दराला मी अगदीच निकालात काढत नाही. संपूर्ण गच्चीला नवा ढाळ द्यायचा असेल तर तोच हिशोब योग्य. पण मग तो सरकारसारखा करावा. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत कोब्याचा दर नुसत्या विटा-सिमेंटचा नसतो. पाणी साठवून घेतलेली चाचणी आणि स्टॅम्प पेपरवरची दहा वर्षांची हमी त्यातच धरलेली असते. आपण मात्र दर ऐकतो, दोनशे-पाचशे कमी करून घेतो आणि वहीच्या पानावर आकडा लिहून मोकळे होतो.

तेव्हा पुढच्या वेळी "फुटाला किती?" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी मिस्त्रीला गच्चीवर न्या, पाणी कुठून शिरतंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि दहा वर्षांची हमी स्टॅम्प पेपरवर देणार का, ते विचारा.