ज्याची त्याची बातमी

वाचकागणिक वेगळे वर्तमानपत्र काढण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक अमेरिकेतील एमआयटीत १९९३ मध्ये झाला. त्याचे नाव ‘फिशरॅप’. नव्याने दाखल झालेला विद्यार्थी आपले गाव आणि आवडीचे विषय कळवी. संगणक त्याच्यापुरता अंक जुळवून देई. एक पान मात्र सर्वांचे होते. इतरांनीही वाचावी असे वाटलेली बातमी कोणीही तेथे लावू शके. आवडीचेच वाचून भागत नाही, ही जाण त्या पानामागे होती. पुढच्या काळात अशा पानाला फारशी जागा उरली नाही.

त्याच संस्थेतील निकोलस निग्रोपाँटे यांनी १९९५ मध्ये ‘डेली मी’ या, ज्याच्या त्याच्या अंकाच्या कल्पनेचे उत्साहाने स्वागत केले. २००१ मध्ये कायद्याचे अभ्यासक कॅस सनस्टीन यांनी नेमके तिच्यावर बोट ठेवले : न मागितलेले मतही कानावर पडले पाहिजे, ही लोकशाहीची गरज आहे. आपल्या मताचे पत्र घेणे अर्थातच जुने. आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, तेव्हा कोणते पत्र कोणत्या बाजूचे हे वाचक जाणून होता. आणि पत्रे एकमेकांचा समाचार घेत असल्याने विरोधी मत निदान टीकेच्या रूपात तरी त्याच्यापर्यंत पोचे.

२००२ मध्ये सुरू झालेल्या गूगल न्यूजचा रोख तर उलटा होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर गूगलचे अभियंते कृष्ण भरत यांनी एकाच घटनेची अनेक पत्रांतील वार्तांकने शेजारी शेजारी मांडण्याची सोय केली.

खरे वळण पुढे आले. २००६ मध्ये फेसबुकची न्यूज फीड आली, डिसेंबर २००९ मध्ये गूगलने शोधाचे निकाल सर्वांसाठी व्यक्तीगणिक केले. आता आवड विचारली जात नव्हती. ती क्लिकांवरून ताडली जात होती. फेसबुकवरचे आपले परंपरावादी मित्र दिसेनासे झाल्याचे अमेरिकी लेखक एली पॅरिसर यांच्या लक्षात आले आणि २०११ मध्ये त्यांनी या कोंडाळ्याला ‘फिल्टर बबल’ म्हटले.

संशोधनाने या बबलची भीती बरीच खाली आणली, पुरती घालवली नाही. २०१५ मध्ये फेसबुकच्याच संशोधकांनी एक कोटीहून अधिक अमेरिकी वापरकर्त्यांची माहिती तपासली. विरोधी बाजूच्या बातम्या यंत्राच्या क्रमवारीने काहीशा घटत होत्या. पण मित्रमंडळच एकरंगी असल्याने होणारी घट त्याहून मोठी होती. निष्कर्ष कंपनीला सोयीचा असल्याने त्यावर टीकाही झाली. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी तेवीस हजारांवर लोकांच्या फेसबुक फीडमधील समविचारी मजकूर सुमारे एक तृतीयांशाने कमी करून पाहण्यात आला. २०२३ मध्ये निष्कर्ष आले : त्यांच्या राजकीय मतांत मोजता येईल असा फरक पडला नव्हता. अर्थात काही महिन्यांच्या प्रयोगाने वर्षानुवर्षांची सवय मोजली जात नाही. त्याच वर्षी ऑगस्टपासून युरोपीय संघात मोठ्या मंचांना वापरकर्त्याची माहिती न वापरता लावलेल्या क्रमाचा पर्याय देणे बंधनकारक झाले.