कमान कां मोडते?

राज्यें कां उदयास आलीं व कां लयास गेलीं, ह्याचा विचार इतिहासकार नेहमींच करीत आला आहे. परंतु मोडलेल्या वस्तूलाही इतिहास असतो, आणि तो कधीं कधीं राज्यांच्या इतिहासाइतकाच बोधप्रद असतो, हें सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. अशाच एका क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूचा, म्हणजे मोटारगाडीच्या कमानीचा, विचार येथें कर्तव्य आहे. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगला आपल्याकडील कारागीर कमान म्हणतात व तिच्यांतील एकेका पट्टीला पाटा म्हणतात. तेच शब्द आपणही वापरूं.

जुन्या मोटारी जतन करण्याचा छंद आतां पुष्कळ देशांत रुजला आहे आणि ह्या छंदी मंडळींत एक वाद वरचेवर उद्भवतो. शंभर वर्षांच्या गाडीची कमान मोडली, तर काय करावें? एक पक्ष म्हणतो, मूळचाच पाटा सांधून पुन्हा बसवावा. नवें पोलाद घातलें कीं गाडीचें जुनेपण तितकें उणें झालें. दुसरा पक्ष म्हणतो, मोडलेलें टाकावें व नवें घालावें. त्यांत शोक करण्याजोगें कांहीं नाहीं. हा वाद वरवर आवडीनिवडीचा दिसतो. पण कमान मोडते कां, हें कळल्यावांचून त्याचा निर्णय लागणार नाहीं. आणि हें नीट कळण्यास युरोपांतील विद्वानांना साठ वर्षें लागलीं!

स्थितिस्थापक वस्तूवर जितका जोर पडेल तितक्या प्रमाणांत ती ताणली जाते, हा नियम रॉबर्ट हूक ह्यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. गाड्यांच्या बाबतींत त्याचें फळ पुष्कळ उशिरां मिळालें. १८०४ सालीं लंडनच्या ओबडाया एलियट ह्यानें लंबवर्तुळाकार कमानींचें पेटंट घेतलें. पूर्वीं घोडागाडीच्या पुढच्या व मागच्या आंसांना जोडणारें एक जड तुळईवजा लाकूड लागत असे. ह्या कमानींमुळें त्याची गरज उरली नाहीं आणि गाडी हलकी झाली. पुढें मोटारगाडी जन्मास आली, तेव्हां तिनें घोडागाडीची कमान जशीच्या तशी उचलली.

कमानीची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असते. वांकण सर्वांत अधिक मधोमध असतो, म्हणून तेथें पाट्यांची संख्या सर्वांत जास्त. टोंकाकडे तो कमी होतो, म्हणून पाटेही आंखूड होत जातात. चाक खड्ड्यांतून गेलें कीं प्रत्येक पाट्याची एक बाजू ताणली जाते व दुसरी दाबली जाते. एका मैलांत हें शेंकडों वेळां घडतें. पाटा दर वेळीं पूर्ववत् होतो, निदान तसा दिसतो. आणि येथेंच आपली फसगत होते.

ही फसगत प्रथम उघडकीस आली ती रेल्वेच्या एका भीषण अपघातानें. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या एंजिनाचा आंस अकस्मात् तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि डब्यांचीं दारें बाहेरून बंद असल्यामुळें निदान पन्नास माणसें जळून मेलीं. अंटार्क्टिकाच्या बर्फांतून सुखरूप परतलेला प्रवासी द्युमाँ द्युर्व्हील हा आपल्या पत्नीसह व मुलासह त्यांत होता. भार वाहण्यास पुरेसा बळकट असलेला आंस असा एकाएकीं कसा तुटला? तुटलेल्या लोखंडाचा पृष्ठभाग स्फटिकांसारखा चमकत असे. त्यावरून हादऱ्यांनीं लोखंडाचा स्वभावच पालटतो व तें स्फटिकमय होऊन ठिसूळ बनतें, असें पुष्कळ इंजिनियर मानूं लागले. १८४३ सालीं रँकिन ह्या तरुण स्कॉटिश इंजिनियरानें दाखवून दिलें कीं, आंसाची जाडी जेथें एकदम बदलते त्या कोपऱ्यांत भेग पडते व ती हळूहळू आंत शिरत जाते. पुढें प्रशियाच्या रेल्वेवरील औगुस्ट व्होलर ह्यानें १८७० पर्यंत अनेक वर्षें आंस फिरवून फिरवून प्रयोग केले. एका झटक्यांत लोखंड मोडण्यास जेवढा जोर लागतो त्याहून पुष्कळ कमी जोर, पण असंख्य वेळां लावला, तरी तें मोडतें, हा त्याचा सिद्धान्त. १९०३ सालीं यूइंग व हंफ्री ह्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं ह्या भेगांचा उगमही पाहिला. धातु मुळांतच स्फटिकांची बनलेली असते. त्या स्फटिकांत सूक्ष्म घसरणी होतात आणि त्यांतून भेग जन्मास येते. ह्यालाच धातूचा थकवा म्हणतात.

ह्यानंतर पांचच वर्षांनीं, १९०८ सालीं, हेन्री फोर्डनें आपली प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडी बाजारांत आणली. मे १९२७ पर्यंत ह्या जातीच्या दीड कोटि गाड्या तयार झाल्या. तिच्या पुढें एक व मागें एक अशा दोनच कमानी, त्याही आडव्या. पोलाद व्हॅनेडियममिश्रित, म्हणजे त्या काळीं उत्तमांत गणलेलें. अमेरिकेच्या खेड्यांतील चिखल व चाकोऱ्या ह्या गाडीनें तुडविल्या खऱ्या, परंतु थकव्यापासून मुक्त असें पोलाद कोणतेंच नाहीं. कमानीचे पाटे एकत्र ठेवणारा बोल्ट मधल्या भोंकांतून जातो. भोंकानें पाटा तेथें आधींच दुबळा झालेला असतो. कमान चौकटीस आवळून धरणारे बोल्ट घट्ट असतील तोंवर मधला भाग वांकत नाहीं. ते ढिले पडले कीं वांकण नेमका भोंकापाशीं जमतो आणि भेग तेथें पडते. पाट्यांमध्यें पाणी शिरून गंज चढला, तर त्याच्या खळग्यांतूनही भेगा निघतात. ह्या गाडींत आंसाला आडवें जागेवर धरण्याचें कामही कमानीकडेच आहे. मुख्य पाटा मोडला तर आंस सरकतो आणि बसणाऱ्यांचा जीव धोक्यांत येतो.

आतां पहिल्या पक्षाचें म्हणणें तपासून पाहूं. पूर्वींचे लोहार तरवारीस पाणी देत, तसें कमानीच्या पोलादासही पाणी दिलेलें असतें. तें तापवून, तेलांत बुडवून, पुन्हा बेतानें तापविलेलें असतें. सांधतांना लागणाऱ्या आंचेनें तें पाणी उतरतें, आणि सांधा दिसण्यांत अभंग असला तरी त्याच्या शेजारीं नवी दुर्बलता उत्पन्न होते. शिवाय शेजारचे पाटेही तितकेच वेळां वांकलेले आहेत. एकच नवा पाटा घातला, तर बसलेल्या जुन्या पाट्यांशीं त्याचा बाक जुळत नाहीं व भार सारखा वांटला जात नाहीं. म्हणून गाडीची चौकट उचलून आधारावर ठेवावी, ताणलेली कमान विशेष साधनानें पसरून धरूनच सोडवावी (ती निसटली तर माणसास जबर इजा करते), आणि सर्व पाटे मिळून नवी कमान बसवावी, हेंच शहाणपणाचें.

मग गाडीच्या जुनेपणाचें काय? ह्याचें उत्तर त्या गाडीच्या इतिहासांतच आहे. फोर्डच्या कारखान्यांतील प्रत्येक भाग दुसऱ्या गाडींत तंतोतंत बसेल असाच बनविलेला असे. खेड्यांतील शेतकऱ्यानें मोडका भाग काढावा, किंमतपत्रक पाहून नवा आणावा व स्वतः बसवावा, हीच त्या गाडीची मूळ कल्पना होती. तेव्हां कमान बदलणें हा त्या गाडीच्या परंपरेचा भंग नसून तिचें पालनच होय. नव्या कमानीवर वर्षाचा आंकडा मात्र कोरून ठेवावा, म्हणजे पुढील अभ्यासकाची फसवणूक होणार नाहीं.

आणि मोडका पाटा फेकून देऊं नये. त्याचा भंगलेला पृष्ठभाग जुन्या दप्तराप्रमाणें वाचतां येतो. कांहीं भाग गुळगुळीत व गंजानें काळवंडलेला, त्यावर लाटांसारख्या रेषा. ही भेग फार दिवस मुकाट्यानें वाढत होती. उरलेला भाग खरबरीत व चमकदार. तेवढाच काय तो अखेरच्या दिवशीं तुटला. १८४२ च्या इंजिनियरांनीं ही चमक पाहिली आणि सगळा दोष तिलाच दिला. इतिहास लिहिणाऱ्यांचेंही पुष्कळदां असेंच होतें: अखेरच्या दिवसाचा धक्का ठळक दिसतो, आणि त्याआधीं वर्षानुवर्षें सरकत आलेली भेग तशीच नजरेआड राहते.