ढोल, गाणे आणि मनाचा आजार

आफ्रिकेतील अनेक बांटू भाषांत ढोलाला 'न्गोमा' म्हणतात. काही भागांत गाणे, नाच आणि आजाऱ्याला बरे करण्यासाठी भरणारी बैठक यांनाही हेच नाव आहे. उत्तर मलावीतील तुंबुका समाजाचे 'विंबुझा' हे असेच उपचारनृत्य. रुग्ण ढोलाच्या ठेक्यावर नाचतो. जमलेले लोक गाणी आणि टाळ्यांनी साथ देतात. २००८ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली.

ही परंपरा भारतातही आहे. सिद्दी म्हटले की आपल्याला जंजिऱ्याचे सत्ताधीश आठवतात. पण गुलाम, खलाशी, शिपाई म्हणून आलेल्या सामान्य सिद्दींनी ढोल जपला. गुजरातमध्ये भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या बावा गोर दर्ग्याशी जोडलेले सिद्दी 'गोमा' किंवा 'धमाल' सादर करतात. 'गोमा' हा शब्द 'न्गोमा'वरूनच आला. मानसिक त्रासाने पिडलेली माणसे या दर्ग्यात आराम शोधत येतात.

यात चमत्कार नाही. गाताना श्वास संथ होतो, एका ठेक्यावर हालचाल केल्याने ताण हलका होतो. मुख्य म्हणजे कोपऱ्यात पडलेला आजारी माणूस चारचौघांत येतो.

मात्र ढोलाने फिट येणे थांबत नाही, सापाचे विष उतरत नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण जळून मेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला साखळीने बांधता येत नाही. सर्पदंशावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न जवळचा आहे. शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेली बाई माणसांत येणे टाळते. आपल्याकडे विहारात भीमगीते आहेत, कोलाम पोडांवर ढोल आहे. कार्यकर्त्यांनी अशा घरातल्यांना गाण्याच्या बैठकीला आवर्जून बोलवावे, शेजारी बसवावे. झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर त्याच दिवशी सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन लावून द्यावा आणि सरकारी दवाखान्यात सोबत जावे. गोळ्या सुरू झाल्या तरी बैठकीचे बोलावणे थांबवू नये.