खुब्याच्या कृत्रिम उखळीची कुळकथा

गुडघाभर चिखलात उभे राहून भातलावणी करणारा वा खोपोलीच्या कारखान्यात रातपाळी करणारा खालापूर तालुक्यातील माणूस ऐन पस्तिशीत लंगडू लागतो, रक्तपुरवठा तुटल्यामुळे मांडीच्या हाडाचा माथा मृत झाल्याचे निदान होते, आणि पनवेल-मुंबईचा शस्त्रवैद्य त्याला सांगतो, की सांधा बदलता येईल, परंतु वय फार लहान आहे. या इशाऱ्यामागे शतकाहून अधिक काळाचा अनुभव उभा आहे.

बर्लिनच्या ग्लुकने १८९१च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसनने १९२३ मध्ये काचेची टोपी योजली, ती शरीरभाराखाली फुटली. लंडनच्या वाइल्सने १९३८ मध्ये पोलादाचा आश्रय घेतला. खरी प्रगती झाली ती इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे. तेथील जॉन चार्न्ली या शस्त्रवैद्याने धातूचा लहानसा गोळा टेफ्लॉनच्या उखळीत फिरवला आणि प्रारंभी रुग्ण आनंदाने चालू लागले. परंतु दोन-तीन वर्षांतच उखळी झिजल्या, त्यांच्या भुकटीने भोवतालच्या पेशी क्षुब्ध झाल्या आणि शेकडो रुग्णांचे सांधे पुन्हा उघडावे लागले. १९६२ साली यंत्रमागाच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे पॉलिएथिलीन एका विक्रेत्याने तेथे आणून दिले. चार्न्लीने ते नखाने खरवडून बाजूस सारले; त्याचा कारागीर हॅरी क्रेव्हन याने मात्र ते घर्षणयंत्रावर चढवले आणि धनी परत येईतो चालू ठेवले. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, तितके हे तीन आठवड्यांतही झिजले नव्हते. चार्न्लीने दोन्ही द्रव्यांचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन शरीराची प्रतिक्रिया पाहिली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून नवी उखळ बसवण्यास आरंभ केला. त्या कारागिराचे नाव या इतिहासात धन्याच्या बरोबरीने घेतले पाहिजे, असे माझे मत आहे.

तरीही पॉलिएथिलीन वर्षाला सुमारे दशांश मिलिमीटर झिजतेच, आणि ते सूक्ष्म कण गिळणाऱ्या पेशी अखेरीस हाडच पोखरू लागतात. सांधा झिजतो तो वर्षांनी नव्हे, पावलांनी. आणि तरुणाची पावले अधिक, आयुष्यही अधिक. म्हणूनच ब्रिटनमधील पाहणीत सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांना दुसऱ्या शस्त्रक्रियेचा आजन्म धोका जेमतेम ५ टक्के आढळला, तर पन्नाशीच्या आरंभी बदललेल्या पुरुषांत तो सुमारे ३५ टक्के निघाला. १९९० नंतरच्या दशकाअखेरीस आलेल्या, किरणोत्साराने घट्ट विणलेल्या पॉलिएथिलीनची झीज मात्र पुष्कळच कमी आहे.

झीज टाळण्याच्या याच ध्यासातून धातूवर धातू फिरवण्याची कल्पना तरुणांसाठी पुन्हा पुढे आली. डीप्यू कंपनीचा 'एएसआर' हा सांधा त्याच वळणाचा; त्यातून सुटणारे कोबाल्ट व क्रोमियम रक्तात आणि स्नायूंत उतरू लागले, आणि ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेण्यात आला. भारतात तो सुमारे ४,७०० रुग्णांना बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत फिर्याद दाखल केली, केंद्राने चौकशी समिती नेमली, नुकसानभरपाईची तजवीजही झाली. परंतु कोणाच्या शरीरात कोणता सांधा आहे याचे दप्तरच नीट नसल्यामुळे बहुसंख्य रुग्णांचा माग लागला नाही. सदोष धातूइतकाच हा दोषही गंभीर होता.

सबब, ज्यांचा सांधा बदलला आहे त्यांना माझी कळकळीची विनंती, की शस्त्रक्रियेच्या कागदांवर चिकटवलेली, सांध्याचे नाव व क्रमांक असलेली पट्टी सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकी जपून ठेवावी, आणि वेदना नसली तरी वैद्याने नेमून दिलेल्या मुदतीस क्ष-किरण तपासणी चुकवू नये; कारण हाड पोखरले जात असता प्रारंभी काहीच दुखत नाही.