मदनच्या पायऱ्या कुणी तोडल्या?

आजचा भाग ट्रेकवरचा आहे आणि इतिहासावरचाही.

तुमच्यापैकी अनेकांनी ते रील पाहिलं असेल. उभा काळा कातळ, वरून लोंबणारा दोर आणि हेल्मेट घातलेला एक जण पाय टेकवायला जागा शोधतोय. खाली लिहिलेलं असतं, 'सह्याद्रीतला सगळ्यात अवघड ट्रेक'. अलंग, मदन आणि कुलंग. ट्रेकर मंडळी लाडानं एएमके म्हणतात.

त्या रीलमध्ये एक गोष्ट मात्र सहसा दिसत नाही. दोराच्या खालच्या टोकाला पायऱ्या आहेत आणि वरच्या टोकालाही पायऱ्या आहेत. व्यवस्थित, हातानं खोदलेल्या. मधला तुकडा तेवढा नाही. म्हणजे आपण ज्याला 'थरार' म्हणतो, तो एका मोडक्या जिन्याचा थरार आहे. मग हा जिना मोडला कुणी, आणि कशासाठी? आजचा भाग त्यावर.

आधी जागा समजून घेऊ. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर कळसूबाईची रांग आहे. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. त्याच रांगेत, घोटीच्या दक्षिणेला हे तीन गड खांद्याला खांदा लावून उभे आहेत. तिन्हींची उंची १५०० मीटरच्या आसपास. अलंग आणि मदनला बहुतेक जण आंबेवाडीतून जातात, कुलंगला कुरुंगवाडीतून.

आम्ही पाच जण नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो होतो. दिवाळी झालेली, थंडी नुकतीच पडायला लागलेली. या ट्रेकसाठी हाच काळ बरा, आणि त्याला कारणं आहेत. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, तिथे बूट टिकत नाही. उन्हाळ्यात कातळ तापतो आणि टाक्यांमधलं पाणी खाली जातं. दिवाळीनंतर कातळ कोरडा होतो, टाकी भरलेली असतात, हवा स्वच्छ असते. फक्त दिवस लहान. सहा वाजले की अंधार, त्यामुळे सगळं गणित उजेडाचं.

गंमत म्हणजे हे गणित जुनं आहे. मराठ्यांच्या मोहिमासुद्धा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या. नद्यांचं पाणी ओसरलं, वाटा सुकल्या, की घोडी बाहेर. १८१७ मधलं शेवटचं मोठं युद्धही असंच दिवाळीच्या आगेमागे पेटलं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्या हिवाळ्यात बाजीराव दुसरे पुढे आणि इंग्रज मागे असा पाठलाग सुरू होता, आणि उन्हाळा संपायच्या आत पेशवाई संपली. ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. आपल्या जिन्याची गोष्ट याच सहा-सात महिन्यांत सुरू होते.

पण आधी जिना कसा असतो ते बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

सह्याद्री हा लाव्हाच्या थरांचा डोंगर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साचत गेले. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचा आकार आहे. आधी झाडीचा उतार, मग उभा कडा, मग थोडी सपाटी, मग पुन्हा कडा. गड बांधणाऱ्यांना तटबंदी फारशी लागतच नाही, कडा हीच भिंत. प्रश्न एकच उरतो, आपण स्वतः वर कसं जायचं? उत्तर म्हणजे कातळात खोदलेला जिना. छिन्नी-हातोड्यानं, कड्याला बिलगून तिरका वर जाणारा. एका वेळी एकच माणूस चढेल इतका अरुंद. वरच्या माणसाच्या हातात नुसते दगड असले, तरी खालच्या फौजेचं काही चालत नाही.

मदनवर हे नीट कळतं. झाडीतून खिंडीत पोचलो, खिंडीतून आडवं गेलो आणि पायऱ्या लागल्या. उंच, पाऊणएक फुटाच्या, कड्याला चिकटलेल्या. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला सरळ दरी. आम्ही भिंतीकडे तोंड करून, हातपाय टेकत चढलो. आणि मग पायऱ्या अचानक संपल्या. समोर चाळीस-पन्नास फुटांचा उघडा कातळ, आणि त्याच्या वर पुन्हा पायऱ्या.

आमच्याबरोबर आंबेवाडीचे एक मामा होते. दोर त्यांच्याच खांद्यावर. आमच्यातल्या एकानं विचारलं, "मामा, हे पावसानं पडलं का?"

मामा हसले. "पावसानं वरचं बी पडलं असतं ना मग. हे गोऱ्यांनी उडवलेलं हाय. सुरुंग लावून."

एवढं बोलून ते कातळावर चढूनसुद्धा गेले. आम्हाला हार्नेस, कॅराबिनर, वरून धरलेला दोर, आणि मामा अनवाणी.

आता १८१८ मध्ये येऊ. त्या वसंतात कर्नल मॅक्डॉवेलची फौज नाशिकच्या बाजूचे गड घेत चालली होती. एप्रिलमध्ये राजधेर पडला. एप्रिलच्या अखेरीला त्र्यंबकगड पडला आणि त्याच्यामागोमाग आसपासचे १७ गड न लढता स्वाधीन झाले. तिकडे कोकणच्या बाजूला १० मे ला रायगड गेला. शेकडो वर्षं ज्या गडांच्या जोरावर राज्यं उभी राहिली, ते काही आठवड्यांत हातचे गेले. लांब पल्ल्याच्या तोफा आल्या होत्या, आणि वरच्या शिबंदीला मदतीला येणारं सरकारच उरलं नव्हतं.

आता इंग्रजांपुढचा प्रश्न बघा. एवढे गड हातात आले, त्यांचं करायचं काय? प्रत्येक गडावर शिबंदी ठेवायची तर पगार, धान्य, दारूगोळा लागणार. त्यांना स्वतःला गडांचा उपयोग नव्हता. त्यांची सत्ता मैदानातल्या छावण्या, रस्ते आणि कचेऱ्यांवर चालणार होती. पण गड तसेच सोडले तर उद्या कुणीही बंडखोर वर जाऊन बसेल, आणि त्याला खाली काढायला पुन्हा फौज आणि तोफा. म्हणून त्यांनी स्वस्तातला उपाय काढला. गड पाडायचा नाही, गडाची वाट पाडायची.

मी कोडिंगवाला माणूस, मला हे लगेच पटलं. अख्खी सिस्टिम बंद पाडायला सगळे सर्व्हर जाळावे लागत नाहीत, एक केबल पुरते. पाचशे पायऱ्यांपैकी मधल्या तीस-चाळीस उडवल्या की वरचं सगळं निकामी. टाकी तशीच, गुहा तशाच, सदरेचे चौथरे तसेच, पण पोचणार कोण? थोडी दारू, थोडे मजूर, आणि एक गड नकाशावरून गेला. अनेक ठिकाणी दरवाजे पाडले, टाकी फोडली. एएमके हे त्याचंच एक उदाहरण.

इथे हरिहरचं नाव निघणारच. त्र्यंबकनंतर स्वाधीन झालेल्या १७ गडांपैकी हरिहर एक. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज तिथे गेला होता. तो सरळसोट जिना पाहून त्याला शिडीचीच उपमा सुचली, आणि त्याचं ते वर्णन पुढे नाशिकच्या गॅझेटियरमध्ये आलं. हरिहरच्या पायऱ्या आजही शाबूत आहेत. ट्रेकर मंडळींत एक गोष्ट फिरते की त्या पायऱ्यांच्या सौंदर्याला भुलून साहेबानं त्या तोडल्या नाहीत. गोष्ट म्हणून छान आहे. पण ती सांगताना आपण नकळत साहेबाला रसिक करून टाकतो, आणि मदनच्या पायऱ्या मात्र निसर्गाच्या खात्यावर टाकतो. मला ते खटकतं.

कारण जिना तुटल्यावर फक्त दगड तुटत नाही. त्या जिन्यानं रोज वर जाणारी माणसं होती.

गड म्हणजे फक्त राजे आणि लढाया नव्हेत. गडावर पहारा होता, पाणी भरणं होतं, गवत-लाकूड होतं, निरोप पोचवणं होतं. ही कामं गडाखालच्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत होती. त्याबद्दल त्यांना वेतन होतं, जमिनी होत्या, मान होता. या पट्ट्यात ते महादेव कोळी, पुण्याच्या बाजूला रामोशी, कोल्हापूरकडे गडकरी. शिबंद्या मोडल्या, वेतनं आटली, आणि ही सगळी माणसं 'बेकार' झाली.

पुढचं तुम्हाला शाळेत वेगवेगळ्या धड्यांत तुकड्यातुकड्यानं भेटलं असेल. तेच तुकडे एका ओळीत लावून बघा. पुरंदरच्या मुलखात रामोशी उठले, उमाजी नाईकांना ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी झाली. १८२९ च्या सुमारास अकोल्याच्या डोंगरांत कोळ्यांचा उठाव झाला, त्याचं एक मोठं नाव रामजी भांगरे. त्यांचा मुलगा राघोजी १८४४ नंतर याच रांगांमधून लढत राहिला, आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. १८४४ मध्येच कोल्हापूरकडे सामानगड, भुदरगड, पन्हाळ्याच्या गडकऱ्यांनी बंड केलं. ते मोडल्यावर पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला गेला. प्रत्येक उठावाची स्वतःची कारणं आहेत, सावकारी आहे, सारा आहे, अपमान आहे. पण गडावरची चाकरी गेली, हा धागा सगळ्यांमध्ये सापडतो.

आणि म्हणून अलंगच्या गुहेतली ती रात्र मला महत्त्वाची वाटते. मदनच्या आदल्या दिवशीचा मुक्काम. बाहेर वारा, आत चूल, टाक्यातल्या पाण्याचा पिठलं-भात. सगळे स्लीपिंग बॅगमध्ये शिरून गप्पा मारत होते. विषय निघाला, आता दीडशे-दोनशे वर्षं झाली, तर सरकारनं या पायऱ्या पुन्हा बांधून द्याव्यात का? निदान लोखंडी शिड्या?

एक मैत्रीण म्हणाली, जरूर द्याव्यात. इंग्रजांनी तोडलेलं आपण जोडलं नाही, तर त्यांचा हुकूम अजून चालूच आहे म्हणायचा. दुसरा म्हणाला, शिडी लागली की दर रविवारी हजार माणसं येतील, प्लास्टिक येईल, टाक्यात पाय धुतील. हरिहरच्या जिन्यात सुट्टीच्या दिवशी कशी कोंडी होते ते आठवा. तिसरा म्हणाला, तुटका जिना हाही इतिहासच आहे, तो पुसू नये.

मामा चुलीजवळ बसून ऐकत होते. त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

ते म्हणाले, "शिडी लागली तं तुमी मला कशाला बोलवाल?"

सगळे गप्प झालो. ज्या गावांची गडावरची रोजी १८१८ मध्ये त्या सुरुंगानं तोडली, त्याच गावांतल्या काही घरांची आजची रोजी त्या तुटलेल्या तुकड्यावर चालते. दिवाळी ते होळी ट्रेकर येतात, भात काढून झालेला असतो, दोर धरायचे, जेवण द्यायचं, वाट दाखवायची. मामांच्या त्या एका वाक्यानं आमच्या तिन्ही मतांना भोक पडलं.

माझं स्वतःचं मत सांगतो. पायऱ्या आहेत तशा राहू द्याव्यात, पण तिथे काय घडलं ते खालच्या गावात स्पष्ट लिहिलेलं असावं. आणि ते सांगायचा पहिला हक्क गावातल्या वाटाड्यांचा असावा, रीतसर मोबदला आणि विम्यासकट. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आनंदच आहे. अलंग-मदन-कुलंग त्या यादीत नाहीत. त्यामुळे तिथला इतिहास सांभाळणारी यंत्रणा सध्या तरी म्हणजे चार-पाच गावं आणि त्यांच्याकडे येणारे आपण.

कुलंगवर शेवटच्या दिवशी ते नीट दिसलं. कुलंगला दोर लागत नाही, पण चढ संपता संपत नाही. माथ्यावर ओळीनं खोदलेली टाकी आहेत, आणि पलीकडे घळीच्या तोंडावर पाणी अडवायला बांधलेली दगडी भिंत, तिला गोमुख. एवढ्या उंचीवर कुणीतरी पावसाचा थेंबन्‌थेंब अडवायचा विचार केला, तो दगडात उतरवला, आणि त्यातलं बरंच अजून टिकून आहे. बाटली भरताना मनात आलं, हे खोदणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. तोडायचे हुकूम देणाऱ्या साहेबांची मात्र नावं आणि हुद्दे कागदावर आहेत.

तुम्ही या हिवाळ्यात जाणार असाल, तर गावातला वाटाड्या घ्या. दोराच्या कामाला अनुभवी माणूस असल्याशिवाय जाऊ नका, तिथे चुकीला जागा नाही. आणि मदनच्या त्या उघड्या कातळासमोर आपला नंबर यायची वाट बघत उभे असाल, तेव्हा रील काढाच, पण कॅमेरा जरा खाली आणि वर फिरवा. दोन्हीकडच्या पायऱ्या फ्रेममध्ये आल्या पाहिजेत.

तुमच्या गावाजवळच्या गडाची वाट तुटलेली असेल, आणि घरातल्या मोठ्यांकडून त्याबद्दल काही ऐकलं असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो. तोपर्यंत, काळजी घ्या. भेटूया.