१७२९६ ही संख्या कोणाची?

७८६ हा आकडा आपल्या ओळखीचा. अबजद पद्धतीने अक्षरांची बेरीज केली की तो मिळतो. गणित म्हणून त्यात फारसे काही नाही. मला सांगायचे आहे ते १७२९६ विषयी. ही संख्या कुठल्या रिक्षावर लिहिलेली दिसत नाही.

तिचा गुण कळण्यासाठी आधी २२० घ्या. स्वतः २२० सोडून तिचे सगळे विभाजक मिळवा : १, २, ४, ५, १०, ११, २०, २२, ४४, ५५, ११०. बेरीज २८४. आता २८४ चे विभाजक : १, २, ४, ७१, १४२. बेरीज २२०! अशा जोडीला मित्रसंख्या म्हणतात. अरबीत ‘मुतहाब्बा’, एकमेकींवर प्रेम करणाऱ्या. प्राचीन काळापासून ही एकच जोडी ठाऊक होती. प्रेम जुळावे म्हणून लोक तिचे तावीजही करत. इब्न खल्दूनने ‘मुकद्दमा’त त्याची नोंद केली आहे.

नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्राने अशा जोड्या शोधण्याचा नियम दिला, तोही सिद्धतेसह. साबित मूळ हर्रानचा, साबी पंथाचा, मुसलमान नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या अभिमानाच्या याद्यांत त्याला सरसकट मुस्लिम करून टाकलेले असते. बगदादचे मोठेपण उलट यातच होते, की तिथे त्याला खलिफाच्या दरबारात मान होता.

नियम असा. १६ घ्या. तिप्पट ४८, वजा एक ४७. १६ च्या निम्मे ८, तिप्पट २४, वजा एक २३. आता ४८ आणि २४ यांचा गुणाकार ११५२, वजा एक ११५१. तिन्ही उत्तरे मूळ संख्या आली, तर जोडी मिळाली : १६ × २३ × ४७ म्हणजे १७२९६, आणि १६ × ११५१ म्हणजे १८४१६. सुरुवात ४ ने केली तर २२० आणि २८४ येतात. ८ ने केली तर २८७ आडवी येते. ती ७ × ४१ आहे, मूळ नाही.

१३०० च्या सुमारास कमालुद्दीन फारसीने साबितचा नियम मूळ अवयवांच्या अंगाने नव्याने सिद्ध केला आणि १७२९६ ची जोडी दिली. इंद्रधनुष्याचे कोडे उलगडणारा फारसी तो हाच. माराकेशच्या इब्न अल-बन्नाकडेही ही जोडी सापडते. तरी पुस्तकांत ती बराच काळ ‘फर्माची जोडी’ राहिली, कारण फर्माने ती १६३६ मध्ये कळवली. पुढची जोडी, ९३६३५८४ आणि ९४३७०५६, देकार्तच्या नावावर १६३८ पासून आहे. इराणच्या मुहम्मद बाकिर यझदीनेही ती काढली होती.

मग युरोपने चोरी केली? मला तसे वाटत नाही. साबितचा हा ग्रंथ व्योप्के या अभ्यासकाने फ्रेंचमध्ये आणला तो १८५२ मध्ये. फर्माने आपल्या बुद्धीनेच तो नियम पुन्हा शोधला असावा. तक्रार करायची तर ती नंतरच्या इतिहासकारांविषयी. अरबी हस्तलिखिते ग्रंथालयांत असताना त्यांनी ती उघडली नाहीत. आणि थोडी आपल्याविषयीही : फारसीचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते?

नियमाच्या जाळ्यातून एक लहान जोडी मात्र सगळ्यांच्याच हातून निसटली, अगदी साठेक जोड्या शोधणाऱ्या ऑयलरच्याही : ११८४ आणि १२१०. ती १८६६ मध्ये पागानिनी नावाच्या सोळा वर्षांच्या इटालियन मुलाने शोधली.